खाली मान घातलेली गाठ

मी एक जुना खांब आहे. हिनोसावा नावाच्या डोंगरातल्या गावात, ओकुदांच्या घराच्या अगदी मधोमध मी उभा आहे. मित्रांनो, खांबाने स्वतःची गोष्ट सांगावी हे तुम्हाला जरा जास्तच वाटेल. उभे राहणे एवढेच ज्याचे काम, त्याला कसली आली गोष्ट? पण माझ्यापायी एका सज्जन माणसाच्या आयुष्याची माती झाली, आणि त्यात दोष ना त्याचा होता ना माझा. खरे काय ते मला ठाऊक होते, त्याला नव्हते. मला तोंड असते तर एका वाक्यात काम झाले असते.

माझा जन्म गावाच्या वर, दोन तासांच्या चढणीवरच्या एका घळीत झाला. मी सुगी जातीचे झाड, देवदारासारखे उंच आणि सरळ. त्या घळीत बर्फ इतके साचायचे की उन्हाळा तोंडावर आला तरी हटायचे नाही. इतर ठिकाणच्या झाडांच्या फांद्या आभाळाकडे जातात. आमच्या फांद्यांवर मात्र वर्षानुवर्षे बर्फाचे ओझे बसे आणि त्या खाली वळत. मास्तरांनी रागावलेल्या पोरांसारखी आम्हा सगळ्यांची मान खाली. पण खोड सरळ होते आणि मुळे जमिनीत होती. एवढे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे रामायण यावरच घडले.

मला तोडायला सेइरोकु नावाचा लाकूडतोड्या आला. करवतीचे दुसरे टोक त्याच्या तरुण बायकोने, तोराने धरले होते. तोडण्याआधी दोघांनी माझ्या बुंध्याशी थोडी दारू ओतली आणि हात जोडले. तोराने माझ्या सालीवर थाप मारली आणि म्हणाली, "पडताना आमच्या अंगावर येऊ नकोस रे बाबा. चांगल्या घरी जाशील बघ."

मी कुणाच्या अंगावर पडलो नाही. बर्फावरून घसरत खाली आलो आणि करवत्याच्या अंगणात चार वर्षे वाळत पडलो. करवत्याने माझ्या बुंध्याच्या टोकाला काळ्या शाईचा एक ठिपका दिला होता. बुंधा कुठला आणि शेंडा कुठला, हे सुताराला कळावे म्हणून.

मग कानेझो आला. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. बारा वर्षे गुरूच्या हाताखाली राबला होता, आणि स्वतः मुख्य मिस्त्री म्हणून हे त्याचे पहिलेच घर. त्याच्या हातात रंधा असा चाले की माझ्या अंगावरून निघालेल्या पापुद्र्यातून पलीकडचे दिसावे. मला एकच गाठ होती, छातीच्या उंचीवर. तीही अर्थातच खाली झुकलेली. कानेझोने तिच्यावर अंगठा फिरवला, त्याला ती आवडली असावी, आणि तो पुढच्या कामाला लागला. अंगाला ओरखडा येऊ नये म्हणून त्याने मला पांढऱ्या कागदात गुंडाळून ठेवले.

आता त्याचे कसब सांगतो. त्या घरात लाकडाला लाकूड जोडायला एकही खिळा नव्हता. माझ्या चारही अंगांना त्याने खाचा पाडल्या, आणि चार दिशांनी येणाऱ्या चार तुळयांना जिभा काढल्या. माझ्या पोटात या जिभा एकमेकींच्या वरून, खालून सरकून बसणार होत्या. हे सगळे अंधारात, कुणाला कधी दिसणार नाही अशा जागी. तरी त्याने तिथे केसभर फट ठेवली नाही. जीभ खाचेत घालण्याआधी तो ती हातोडीने हळूहळू ठोकून दाबायचा. दाबलेले लाकूड आत सहज शिरते, मग हवेतला ओलावा पिऊन फुगते आणि खाचेला कायमचे धरून बसते. वरून ओकच्या खुंट्या. त्याही त्याने गरम वाळूत भाजून कोरड्या केल्या होत्या, म्हणजे त्याही आत जाऊन फुगणार.

एकदा या चार तुळया माझ्यात शिरल्या आणि खुंट्या बसल्या, की मला एकट्याला बाहेर काढणे कुणाच्या बापाला शक्य नव्हते. मला काढायचे तर आधी छप्पर उतरवा, मग आढे, मग तुळया, आणि मग मी. हे मी अभिमानाने सांगतो आहे. पण याच मजबुतीने पुढे कानेझोची वाट अडवली.

घर उभे राहिले त्या दिवशी सगळा गाव दोर ओढायला आला होता. आढे चढले, त्यावर कानेझोच्या नावाची पाटी बसली. वरून तांदळाचे पांढरे गोळे उधळले गेले आणि म्हातारीकोतारीसुद्धा ते वेचायला धावली. घराचा मालक इवाओ ओकुदा आनंदाने नुसता हसत होता. त्याची बायको फुसा बावीस वर्षांची, कडेवर तान्ही किनु. किनुने माझ्या कागदाचा एक कोपरा फाडून तोंडात घातला होता.

घरभरणीच्या दिवशी माझा कागद काढला. लोक आले, जेवले, प्याले. त्यात पलीकडच्या खोऱ्यातला म्हातारा सुतार गिहेई होता. हे काम आपल्याला मिळावे अशी त्याची फार इच्छा होती.

"वा रे कानेझो," तो म्हणाला, "एवढंसं पोरगं होतास, माझ्या पायाखालचा भुसा झाडायचास. आज देखणं घर उभं केलंस हो!"

"तुम्हा थोरामोठ्यांची कृपा, काका."

"कृपा कसली, चांगली तुळतुळीत लबाडी शिकलास बोलायची." गिहेई हसत हसत पेला घेऊन माझ्याजवळ आला. त्याचे बोट माझ्या गाठीवर टेकले. मग त्याने आवाज खाली आणला. "काय रे, फांदी कुठे जाते? वर जाते ना? मग ही गाठ खाली का बघतेय?"

कानेझो वाकून गाठ बघू लागला.

"खांब डोक्यावर उभा केला नाहीस ना? करवते पण कधीकधी भलत्याच टोकाला ठिपका देतात हो. उलटा खांब घर खातो म्हणतात. आधी पोरंबाळं." मग त्याने कानेझोच्या पाठीत धपाटा घातला. "अरे, चेष्टा केली! तोंड काय पाडतोस? पी, पी!"

मित्रांनो, आमच्याकडे खांब नेहमी झाड जसे उभे होते तसाच उभा करतात. बुंधा खाली, शेंडा वर. उलटा खांब म्हणजे सुताराच्या हातून होणारी सगळ्यांत मोठी चूक. चूक कसली, पापच. आणि ती ओळखायची खूण म्हणजे गाठीचा कल. गिहेई गेला, त्याची चेष्टा तो स्वतः विसरलाही असेल. पण कानेझो माझ्यासमोर गुडघे टेकून बसला आणि गाठीकडे बघत राहिला. त्याने ठिपक्यावर विश्वास ठेवला होता. ठिपका दिलेले टोक आता पायाच्या लाकडात घट्ट बसले होते. बघायला काही उरलेच नव्हते.

मी उलटा नव्हतो. माझा बुंधा खालीच होता, ठिपका बरोबर होता. घळीत जाऊन माझ्या भावांकडे एकदा मान वर करून बघितले असते तरी पुरे होते. तोराला विचारले असते तर तिने एका दमात सांगितले असते. फक्त दोन तासांची चढण! पण विचारायला जायचे तर विचारण्याचे कारणही सांगावे लागले असते. पहिलेच घर, आढ्यावर नाव, गावभर कौतुक. कानेझो गेला नाही. आज जाऊ, बर्फ वितळले की जाऊ, असे करता करता वेळ निघून गेली.

लाकूड पहिली काही वर्षे सुकताना करकरते. मीही हिवाळ्यात करकरायचो. कानेझो काही कामासाठी आला असताना एकदा मी असाच मोठ्याने कडकडलो. तो दचकला आणि पांढराफटक पडला. त्याला वाटले, मी रडतो आहे. मला स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता.

तिसऱ्या हिवाळ्यात किनुला ताप आला. ताप छातीत उतरला. खिंड बर्फाने बंद, डॉक्टर येणार कुठून? फुसाने चार दिवस पोरीला मांडीवरून खाली ठेवले नाही. पाचव्या दिवशी सकाळी ठेवली.

शवपेटी करायचे काम गावच्या सुताराचे, म्हणजे कानेझोचे. त्याने ती इवलीशी पेटी आणली. तिलाही खिळा नव्हता. कोपऱ्यांचे सांधे इतके नाजूक होते की त्यांच्यावरून त्याचा हात किती वेळ फिरला असेल ते मला कळले. पेटी टेकवून तो माझ्यापाशी आला. घर रडत होते, त्याच्याकडे कुणाचे लक्ष नव्हते. त्याने कपाळ माझ्या गाठीवर टेकले आणि पुटपुटला, "मी चुकलो. तुझी चूक नाही, माझी आहे. पोरीला का नेलंस? मला न्यायचं होतं."

मला न्यायचं होतं! अरे वेड्या, मी कुणालाही नेले नव्हते. मी आपला छप्पर धरून उभा होतो.

त्यानंतर दरवर्षी बर्फ वितळले की कानेझो यायचा. सगळे सांधे तपासायचा, सैल झालेल्या पाचरी ठोकायचा, पायाशी ओल आली का बघायचा. मजुरी घ्यायचा नाही. चहा आणि फुसाच्या हातचे मुळ्याचे लोणचे, बस. इवाओ लढाईवर गेला आणि परत आला नाही, तेव्हा कानेझोने तेही स्वतःच्या माथी मारून घेतले. त्या वर्षी तो चार वेळा आला.

फुसाला यातले काही माहीत नव्हते. ती रोज सकाळी तांदळाच्या कोंड्याची पुरचुंडी घेऊन मला पुसायची. माझा रंग मुरलेल्या चहासारखा झाला होता. पाहुणे आले की ती माझ्यावर हात ठेवून सांगायची, "चाळीस हिवाळे काढलेत याने, हलला नाही." कानेझोशी तिची थट्टा चाले.

"मिस्त्री, लोक माहेरी जात नाहीत तेवढे तुम्ही आमच्याकडे येता."

"जुनं घर आहे वहिनी. पोटात काय दुखतं ते वरून कळत नाही."

"घराला काही झालेलं नाही. दुखणं तुम्हालाच आहे. सांगत नाही एवढंच!"

कानेझो हसायचा आणि खाली बघायचा. मी मात्र हसू शकत नव्हतो.

असा तो सत्तरीला आला. खोकला लागला होता. एका वर्षी तो वसंताऐवजी हिवाळ्याच्या तोंडावरच आला. बाहेर पहिले बर्फ भुरभुरत होते आणि फुसा पडवीत लोणच्यासाठी मुळे वाळत घालत होती. तो आत आला आणि हत्यारांची पेटी न उघडता माझ्यासमोर बसला.

"वहिनी, बसा जरा. एक सांगायचंय."

"सांगा की. मुळे पळून नाही जात."

"हा खांब उलटा आहे."

फुसाला आधी कळलेच नाही. ती हसली. "कुठला खांब? हा? उलटा म्हणजे?"

"शेंडा खाली आहे. माझ्या हातून झालं. घरभरणीच्या दिवशी मला कळलं. काढायचा तर सगळं घर उतरवावं लागलं असतं. आणि माझं नाव..." तो खोकत राहिला. "मी बोललो नाही."

फुसाच्या चेहऱ्यावरचे हसू कुठे गेले ते मला दिसले नाही, इतके ते चटकन गेले.

"किनु गेली तेव्हा माहीत होतं?"

"होतं."

"पेटी घेऊन आलात तेव्हा?"

"होतं, वहिनी."

फुसाने माझ्याकडे पाहिले. मग अगदी हळू बोलली. "चाळीस वर्षं माझ्या हातचा चहा प्यायलात मिस्त्री. जाताना लोणच्याचं मडकं भरून देत होते मी. तुमच्या बायकोला आवडतं म्हणून दोन मुळे जास्त."

"मला शिक्षा द्या. मी..."

"तिचं आयुष्य तेवढंच होतं, अशी मनाची समजूत घातली होती हो मी. किती वर्षं लागली घालायला. तुम्हाला आता मरायच्या आधी हलकं व्हायचंय, म्हणून तेवढी समजूतसुद्धा घेऊन चाललात?" ती उठली. "जा. पुन्हा या उंबऱ्याला पाय लावू नका."

कानेझोने जमिनीला कपाळ टेकवले आणि तो गेला. अंगणातल्या ताज्या बर्फावर त्याची पावले उमटत होती आणि लगेच भरून जात होती.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सर्वांत वाईट हिवाळा तो. दुसऱ्या दिवशी फुसाने मला पुसले नाही. तिसऱ्या दिवशी ती कुठून तरी एक लोखंडी खिळा घेऊन आली आणि बरोबर माझ्या गाठीच्या वर ठोकला. त्यावर तिने कॅलेंडर लटकवले, गाठ दिसू नये म्हणून. खिळ्याचे दुखणे मी सोसले असते. पण तिचे डोळे माझ्याकडे बघताना असे होते, जणू मी किनुला गिळून उभा आहे. ती माझ्यापासून हातभर दूर राहूनच जायची.

दुसऱ्या महिन्यात शेजारीण दारातून म्हणाली, "फुसाताई, कानेझो मिस्त्री गेले हो काल. उद्या नेणार आहेत. येताय ना?"

"कंबर धरलीय माझी," फुसा म्हणाली. ती गेली नाही. त्या दिवशी तिने चूलही पेटवली नाही.

मग बर्फ वितळले. वरच्या डोंगरातल्या बायका रानभाज्या घेऊन खाली उतरू लागल्या. त्यांतली एक म्हातारी दरवर्षी पलीकडच्या गावाला जायची, पण त्या वर्षी तिकडचा पूल वाहून गेला म्हणून इकडे आली. पाठीवर टोपली, कमरेत वाकलेली, आवाज मात्र खणखणीत.

"ओकुदांचं घर हेच ना? आमच्या घळीतलं झाड इथं आलंय म्हणे. म्हटलं मरायच्या आधी त्याचं घर बघून जावं. मीच कापलंय ते, नवऱ्याबरोबर."

ती तोरा होती. मी तिला आवाजावरून ओळखले.

फुसाने माझ्याकडे नुसती मान वळवली. तोरा थेट माझ्याकडे आली, माझ्या अंगावर थाप मारली आणि वर खाली बघितले. "गाठ कुठाय याची? एक होती मोठी, या उंचीवर." तिने कॅलेंडर बाजूला केले. "ही बघा! घातली की नाही मान खाली?"

"म्हणजे?" फुसाने विचारले.

"अहो, आमच्या घळीत एवढं बर्फ पडतं की फांदी वर बघेल काय! सगळ्या झाडांच्या फांद्या खाली. सुतार लोक फसतात कधीकधी, त्यांना वाटतं शेंडा खाली आहे." तोरा खो खो हसली. "कापायच्या आधीपासून याची गाठ अशीच होती. मी रोज बघायची ना. एकदम सुलटा उभा केलाय तुमच्या मिस्त्रीने. हात चांगला होता हो त्याचा. आहे का अजून?"

फुसा खाली बसली.

"बाई," ती म्हणाली, "हे तुम्हाला कधी कुणी विचारलं नाही?"

"मला? मला कोण विचारायला येतंय एवढं चढून? काय झालं ग बाई, रडतेस का?"

तोरा गेल्यावर फुसाने पक्कड आणली आणि खिळा उपटला. घाईत तिच्या तळहाताला जखम झाली, पण तिने बघितले नाही. त्याच पावली ती घराबाहेर पडली. संध्याकाळच्या आत ती परत आली, तेव्हा तिच्याबरोबर कानेझोची बायको तोकु होती. मी तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बघत होतो. बारकीशी बाई, काळे कपडे, हात कामाने वाकडे झालेले. फुसाने तिला मानाच्या जागी बसवले आणि तिच्यासमोर कपाळ चटईला लावले. सगळे सांगितले. गाठीचे, घळीचे, उंबऱ्याचे. शेवटी ती म्हणाली, "मी त्यांना घालवून दिलं. मला माफ करा, तोकुताई."

तोकु चहाच्या पेल्याकडे बघत होती.

"आमच्या घरात त्यांनी कधी खांबाला पाठ टेकली नाही," ती म्हणाली. "चाळीस वर्षं. जेवताना, दमून आले तरी. मी विचारायची, तर म्हणायचे, माझी लायकी नाही. मला वाटायचं, सुतारांची काही रीत असेल." मग तिने फुसाकडे बघितले. तिला राग आला नव्हता, ती नुसती थकलेली होती. "तुमची माफी मी घेऊन कुठे ठेवू, फुसाताई? ज्यांना द्यायची ते गेले."

मित्रांनो, खांबांना पुसा, ओल आली तर बघा, हे मी सांगणारच होतो. आमच्या जातीचा प्रत्येक जण सांगतो. पण माझे मागणे वेगळे आहे. मनात शंका आली तर ती जपून ठेवू नका. जो जाणतो त्याला विचारा, आणि त्याच दिवशी विचारा. लाज वाटली तरी विचारा. आणि दारात कुणी मान खाली घालून काही कबूल करायला आले, तर हाकलण्याआधी त्यालाही दोन प्रश्न जास्त विचारा.

त्या संध्याकाळी तोकुने पेला खाली ठेवला. मग उठली आणि माझ्यापाशी आली. फुसाने दिवा जवळ आणला. तोकुने आपला वाकडा झालेला हात माझ्या गाठीवर ठेवला, खिळ्याच्या भोकावर ठेवला, मग सरळ रेषेत खाली, माझ्या पायापर्यंत नेला.

"हाच का तो?" ती म्हणाली. "सरळ आहे हो. किती सरळ उभा केलाय त्यांनी."

आणि मग ती पहिल्यांदा रडली.